बोअरच्या पाण्याबाबत निफाडच्या व्याह्यांस

इंदिरानगर, नाशिक
गुरुवार, २२ जानेवारी

श्री. ज्ञानेशराव यांस,

गंगाधरचा नमस्कार. आपल्या मातोश्री ठमाबाईंना वाकून नमस्कार सांगावा, आणि या थंडीत त्यांचा गुडघा कसा आहे तेही कळवावं. निफाडचा पारा रोज पेपरात वाचतो आणि काळजी वाटते. माणसांची कमी, द्राक्षांची जास्त, कारण माणसांना निदान गोधडी असते. आम्ही सर्व इथे सुखरूप आहोत. सर्व म्हणजे मी, सौ. सुधा आणि चि. तनय. चौथी व्यक्ती, म्हणजे सूनबाई दिशा, सध्या आपल्याकडे माहेरी आहे, तेव्हा तिची खुशाली आपणच आम्हाला कळवायची.

पत्र लिहिण्यास विशेष काही कारण नाही. फोन करता आला असता, पण फोनवर आपण फार कमी बोलता आणि मी फार जास्त, आणि समोरून कोणी हं म्हटलं नाही की मला पुढचं सुचत नाही. शिवाय आमच्या गच्चीवर गेल्या तीन महिन्यांत जे घडलं ते आपल्या कानावर एकाच बाजूने आलं असणार (किंवा दिशाचा स्वभाव पाहता मुळीच आलं नसणार). म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

दिवाळीनंतर तनयच्या मनात आलं की आपण भाजी पिकवावी. तो घरी बसून कॉम्प्युटरवर नोकरी करतो हे आपण जाणताच. ते काम नेमकं काय आहे हे मला सहा वर्षांत कळलेलं नाही, फक्त त्यात दिवसातून चार वेळा "माझा आवाज येतोय का" असं विचारावं लागतं. अशा माणसाला भाजी पिकवावीशी वाटली तर त्याने मूठभर मेथीदाणे कुंडीत टाकावेत आणि पाणी घालावं. पण याला माती नको होती. पाइपाला भोकं पाडायची, भोकात जाळीचे पेले बसवायचे, पेल्यात रोप ठेवायचं, आणि खालून खताचं पाणी फिरवत राहायचं. याला हायड्रोपोनिक्स म्हणतात. आपल्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या काळ्या जमिनीत राबून द्राक्षं काढली, त्यामुळे आपल्याला हे सांगताना मला संकोच वाटतो. मी चाळीस वर्षं रोज पहाटे स्कूटरवरून गंगेवर जातो आणि यात्रेकरूंची श्राद्धं सांगतो. पाण्यात उभं राहून पोट भरणारा आमच्या घरात मी एकटा होतो. आता त्यात दोनशे लेट्यूस आली. (लेट्यूस म्हणजे कोबीला ताप आल्यावर तो जसा दिसेल तसा एक पाला असतो. तो शिजवत नाहीत, कारण शिजवला तर काहीच उरत नाही.)

हे शिकवायला पुण्याहून एक महेशसर आले. ते आधी मोबाइलवर वर्ग घेत, मग प्रत्यक्ष अवतरले. आमची सुधा ज्या गच्चीवर अनवाणी जाऊन कुरडया घालते तिथे हे बूट घालून फिरले. खिशाला पेनासारखं एक यंत्र होतं. ते पाण्यात बुडवून आकडा वाचायचे, मान हलवायचे आणि पुन्हा खिशाला लावायचे. आकडा काय आला ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही, कारण मान चांगली हलवली होती. मोठमोठ्या यजमानांसमोर मी स्वतः चाळीस वर्षं अशीच मान हलवत आलो आहे, तेव्हा मला तरी ओळखता यायला हवं होतं.

आता पाण्याचं सांगतो. आमच्याकडे महापालिकेचं पाणी सकाळी थोडा वेळ येतं, ते पिण्याला आणि स्वयंपाकाला भरून ठेवतो. बाकी सगळ्या नळांना आमच्या बोअरचं पाणी. त्याचे गुण आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत आहेत. त्यात तूरडाळ घातली तर चार शिट्ट्यांनंतरही दाणा न दाणा मोजून घ्यावा, साबण लावला तर फेस येण्याऐवजी अंगावर साय येते, आणि बादली दोन दिवस भरून ठेवली तर कडेला चुन्याची रेघ उठते. हे पाणी गच्चीवर जोडायचं ठरलं तेव्हा दिशा वर आली. तिने नळाच्या तोंडाला जमलेला पांढरा थर नखाने खरवडून पाहिला आणि म्हणाली, "हे पाणी फार जड आहे. आधी तपासून घ्या, मग खत ठरवा. आमच्याकडे बागेलासुद्धा तपासल्याशिवाय पाणी जोडत नाहीत." दिशा कृषी पदवीधर आहे. (हे मी लग्नाच्या वेळी आपल्याकडून आलेल्या माहितीत वाचलं होतं, त्यानंतर आमच्या घरात हा विषय कोणी काढला नाही.) त्यावर महेशसर हसले आणि म्हणाले की मॅडम, ते शेतीचं पाणी, हे सिस्टिमचं पाणी. वाक्य मला इतकं आवडलं की मी ते गंगेवर दोन यजमानांना ऐकवलं. अर्थ आजही लागलेला नाही.

तर टाकी भरली आणि महेशसरांच्या दोन बाटल्यांतलं खत तनयने एकापाठोपाठ एक त्यात ओतलं. पाण्याचं ताक झालं. अक्षरशः ताक, सुधा जिऱ्याची फोडणी द्यायला खाली निघाली होती. तनयने फोन लावला तर महेशसर म्हणाले, होतं असं, झाडांना सवय होऊ द्या. झाडांना सवय झाली नाही. पंधरा दिवसांत नवी पानं पिवळी पडू लागली, त्यात शिरा तेवढ्या हिरव्या, आणि कडा विडीने चटका दिल्यासारख्या तपकिरी. पंपाच्या तोंडाला पांढरी दाढी आली. ती तनय टूथब्रशने घासायचा (टूथब्रश माझा होता, हे मला चौथ्या दिवशी कळलं). मग त्याच्या हाती स्वतःचं एक पेन आलं आणि तो पाण्याचा पीएच पाहू लागला. आकडा सहाच्या आसपास हवा, आमचा आठ. तो ॲसिडचे थेंब टाकून संध्याकाळी आकडा सहावर आणून ठेवायचा आणि सकाळी उठून पाहावं तर पुन्हा आठ. रुसलेली सून जशी समजूत काढून आणली तरी संधी मिळताच माहेरी जाऊन बसते, तसा तो आकडा. (हे उदाहरण आपलं सहज सुचलं, त्याचा कशाशीही संबंध लावू नये.)

दिशा या काळात रोज एकदा गच्चीवर यायची, पानं उलटी करून बघायची आणि खाली जायची. दुसऱ्यांदा ती काही बोलली नाही. आमच्याकडे न बोलणाऱ्या माणसाला सगळं मान्य आहे असं धरायची पद्धत आहे.

मग तनयला कुठेतरी वाचायला मिळालं की एसीच्या नळीतून गळणारं पाणी अगदी निर्मळ असतं, त्यात क्षार नावाला नसतो. ही गोष्ट खरीही असेल. पण त्याला हे डिसेंबरच्या मध्यावर कळलं. नाशकात सकाळी तोंडातून वाफ निघत होती आणि आमच्या हॉलमध्ये दिवसभर एसी सुरू. सुधा स्वेटरवर शाल आणि शालीवर माझा जुना कोट घालून भाजी निवडायची. मी कानटोपी घालून पूजेला बसायचो. देवांनाही मी एका सकाळी हातरुमाल पांघरला. बाहेरून आलेले एक यजमान आत पाऊल टाकून तसेच मागे सरले आणि घरात कोणी गेलं आहे का असं दबक्या आवाजात विचारू लागले. इतकं करून नळीखाली ठेवलेल्या बादलीत दिवसाकाठी जमायचं तांब्याभर पाणी, कारण थंडीत हवेतच ओल नसते तर एसी ती कुठून आणणार. हे दिशाने त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, असं तिच्या सासूबाईंनी मला नंतर सांगितलं. पाचव्या दिवशी सुधाला खोकला झाला तेव्हा एसी बंद झाला. आरओच्या पाण्याचाही प्रयोग झाला. ते यंत्र एक बादली गोडं पाणी देतं आणि दोन बादल्या आणखी खारं पाणी बाहेर टाकतं. ते टाकवेना म्हणून सुधाने त्या खाऱ्या पाण्याने फरशी पुसली आणि फरशीवर रांगोळी काढल्यासारखे डाग उठले.

यानंतर जे घडलं ते थोडक्यात लिहितो.

नाताळच्या आठवड्यात एक दिवस पीएचचा आकडा सहावर आला आणि सहावर राहिला. दुसऱ्या दिवशीही सहा. तनय इतका खूश झाला की त्याने महेशसरांना पेनचा फोटो पाठवला. तिसऱ्या दिवशी टाकीवर तपकिरी फेस आला, चौथ्या दिवशी चिलटं आली, आणि पाचव्या दिवशी शेजारच्या सावित्रीबाई कुंपणापाशी येऊन, तुमच्याकडे लोणचं नासलं आहे का, असं विचारून गेल्या. पाइप उघडले तर मुळं भिजलेल्या सुतळीसारखी बुळबुळीत. दोनशेच्या दोनशे रोपं गेली. पंपाच्या जाळीत तनयला एक चिंचोका सापडला.

कोणीतरी टाकीत चिंच कोळून ओतली होती. आता आमच्या घरात चिंच येते ती निफाडहून, ठमाबाई दरवर्षी मीठ लावून गोळा पाठवतात तीच. तो डबा दिशाच्या ताब्यात. तेव्हा संशय कोणावर जाणार, हे आपण समजू शकाल. तनय चिंचोका तळहातावर घेऊन खाली आला आणि दिशासमोर धरून म्हणाला, "ही काही तुमच्या निफाडची आमटी नाही." तो असा बोलणारा मुलगा नाही. दोन महिन्यांचा राग होता, आणि तो खरं म्हणजे पाण्यावर होता. पण पाण्याला बोलून काही उपयोग नव्हता. दिशाने एवढंच विचारलं, "मी ओतली असं कोणी पाहिलं का?" आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सुधा ओट्याकडे वळली. मी पेपर वाचत होतो. (त्या वेळी माझा चष्मा सापडत नव्हता, त्यामुळे मला काही नीट दिसलं नाही.)

दुपारी ती लॅपटॉप आणि एक पिशवी घेऊन निघाली. चार दिवस जाऊन येते म्हणाली. निघताना नेहमीप्रमाणे मला वाकून नमस्कार केला, त्याचा मला जास्त त्रास झाला. आज पंचवीस दिवस झाले. तनयने फोन केला की हो, नाही आणि बघू एवढीच उत्तरं येतात. एकदा फोन ठमाबाईंनी उचलला. त्या म्हणाल्या, "पोर आली, लय बरं झालं. न्यायला यायची कोणाला घाई नाय." फोन स्पीकरवर होता.

संक्रांतीला सुधा तीळ शोधत होती तेव्हा कपाटात, दिशाच्या ओढण्यांखाली, एक लिफाफा सापडला. आमच्या बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल. तारीख दोन डिसेंबर. म्हणजे सगळं नासण्याच्या कितीतरी आधी तिने बाटलीत पाणी भरून निफाडकडच्या एका प्रयोगशाळेत तपासून आणलं होतं, आणि कोणी विचारलं नाही म्हणून ठेवून दिलं होतं. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: बोअरचं एक भाग, महापालिकेचं दोन भाग. पाण्यात चुना आधीच भरपूर आहे, तेव्हा चुन्याचं खत निम्मं. ॲसिड आधी, एक दिवस थांबून मग खत. दोन बाटल्या कधीही एकत्र नाहीत. शेवटी "तनयला सांगायचं" असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं.

ज्ञानेशराव, महेशसरांनी दोन महिन्यांत जेवढे शब्द खर्च केले त्यातला एकही या चार ओळींत नव्हता. तनयने तो कागद जिन्यात बसून वाचला, पुन्हा वाचला, आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, "बाबा, जिला हे एवढं कळतं ती टाकीत चिंच ओतेल का?" मी म्हणालो, माझी संध्येची वेळ झाली आहे. सकाळचे अकरा वाजले होते.

त्याने त्या कागदाबरहुकूम नवी रोपं लावली आहेत. आज आठ दिवस झाले. बोटभर आहेत पण हिरवी आहेत, पाणी पाण्यासारखं दिसतं, आणि टूथब्रश मी परत मागितलेला नाही. आमच्या गच्चीची हकिकत ही अशी आहे. एका पदवीधर मुलीने नळ खरवडून पाच मिनिटांत जे सांगितलं ते कळायला तीन शहाण्या पुरुषांना तीन महिने, दोनशे रोपं आणि एक एसी लागला. महेशसर रोपं गेली त्या दिवसापासून फोन उचलत नाहीत. त्यांची सिस्टिम बिघडली असावी.

असो. पत्र लांबलं. आपल्या बागेला थंडीची झळ न लागो आणि मण्यांत साखर भरो, ही कुलदेवतेपाशी प्रार्थना. लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, आणि यांच्या मधल्या वयाची जी कोणी व्यक्ती आपल्याकडे असेल तिला काय सांगावं ते मला सुचत नाही.

आपला,
गंगाधर

ता. क. वर एके ठिकाणी "कोणीतरी टाकीत चिंच कोळून ओतली" असं लिहिलं आहे. तो मी. बोअरच्या पाण्याने माझं ताम्हण आणि पळी-पंचपात्र रोज पांढरं पडतं, ते मी चिंचेने घासतो आणि लख्ख होतं. भांड्याचा क्षार जातो तर टाकीचा का जाऊ नये, असा विचार केला. ॲसिडच्या बाटलीवर कवटीचं चित्र होतं, त्यापेक्षा चिंच बरी वाटली. दुपारी तनय कोणाला तरी आवाज येतोय का विचारत होता तेव्हा मी किलोभर चिंच कोमट पाण्यात कोळली, चहाच्या गाळणीने गाळली आणि ओतली. गाळणीला भोक होतं. पहिले दोन दिवस आकडा सहावर राहिला तेव्हा, खरं सांगतो, मी फार खूश होतो, आणि योग्य वेळ पाहून श्रेय घेणार होतो. ती वेळ आली नाही. दुसरी आली, आणि तेव्हा मी पेपर वर धरला. चष्मा माझ्या नाकावरच होता. सुधाला पहिल्यापासून ठाऊक आहे, कारण गाळणी तिने धुतली. त्या दिवसापासून ती आमटीत आमसूल घालते आणि वाढताना माझ्याकडे बघते. तनयला अजून सांगितलेलं नाही. जिच्यावर आळ आला तिच्या घरी आधी लिहावं, मग त्याला सांगेन, आज रात्रीच्या जेवणाआधी.

ता. क. दुसरं. पत्राला विशेष कारण नाही असं सुरुवातीला लिहिलं, तेही खरं नाही. दिशाने परत यावं. रोपांसाठी नव्हे, रोपं त्या कागदावर जगतील. चार वर्षांत तिने माझ्या पाठीमागे ताम्हण पालथं घालून वाळवायला ठेवलं नाही असा एक दिवस गेला नाही, आणि मी एकदाही तिला, तू काय शिकलीस, असं विचारलेलं नाही. ते विचारायचं आहे. ती नाही म्हणाली तर तिचं म्हणणं बरोबर असेल, हेही लिहून ठेवतो.

ता. क. तिसरं. हे निफाडच्या स्टँडवर बसून लिहितो आहे. पत्र पेटीत टाकायला निघालो होतो, पेटीपर्यंत गेलो आणि मग निफाडच्या गाडीत बसलो. रिक्षावाल्याने घराची खूण विचारली तर मला सांगता येईना. लग्नानंतर आपल्या दारी एकदाच आलो आणि तेव्हा लवकर निघायच्या घाईत होतो, त्यामुळे रस्ता पाहिलेला नाही. विचारत विचारत येतो. पत्र आपल्या हातात देऊन मी बाहेर ओट्यावर बसेन. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वतीने क्षमा मागत आलो, ते शब्द मला झोपेतही म्हणता येतात; पण स्वतःच्या वतीने मागायची वेळ आली तेव्हा तोंडातून एक शब्द फुटेना म्हणून हा कागद. आपलं वाचून झालं की दिशाला द्या. तिने आत बोलावलं तर येईन. नाही बोलावलं तर सव्वाचारची एसटी आहे. त्यानंतर साडेपाचची आहे. सातचीही आहे.